पैची चूक कोणी शोधायची?

माउली, नाथमहाराजांची ती गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली असेल. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक निघाली. रात्रभर दिव्यापाशी बसून नाथांनी वह्या तपासल्या. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले, आणि एवढी एकाग्रता भगवंताच्या ठायी लागली तर काय होईल, असे सुचवले. कीर्तनात आपण इथे थांबतो आणि नामघोष करतो.

पण आज समजा, नाथांच्या शेजारी एक यंत्र असते आणि त्याने ती पै क्षणात दाखवली असती, तर? हिशेब जुळला असता. नाथ निवांत झोपले असते. मग गेले काय?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या चिपळुणातला एक मुलगा पुण्याला हिंजवडीत प्रोग्रॅम लिहितो, त्याचा आहे. त्याच्या कामात पैची चूक रोजची. एक चिन्ह इकडचे तिकडे झाले की सगळे अडते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. काय हवे ते सांगायचे, ती ओळीच्या ओळी लिहून देते, चूकही शोधते. तो म्हणाला, "बुवा, मी आता लिहीत नाही, नुसता होकार देतो. हे काम माझे म्हणायचे का?" आणि लगेच स्वतःच वकिली केली, "जनाबाईला विठ्ठल दळू लागलाच की! मग मला यंत्राने हात दिला तर बिघडले कुठे?"

दाखला नेमका होता, मला आवडला. फक्त एवढेच, की देव आला म्हणून जनाबाई जात्यावरून उठून गेली नाही. खुंट्याला दोघांचे हात होते.

या यंत्राची रीत त्याने मला समजावली. माणसांनी लिहिलेले अफाट लिखाण त्याच्यातून गेलेले असते; त्यावरून पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत ते लिहिते. बहुतेक वेळा बरोबर लिहिते. पण कधी कधी जगात नसलेल्याच एखाद्या तयार साधनाचे नाव ठामपणे घालून देते. आपल्या भाषेत हे खोटे प्रमाण. कीर्तनकाराने रंगाच्या भरात चुकीचे प्रमाण दिले, तर मागचा म्हातारा टाळकरी टाळ थांबवून मान वर करतो. ज्याला पाठांतर आहे त्यालाच ती चूक ऐकू येते. (मोबाइलवर तुकोबांच्या नावाने काय काय फिरते ते आपण पाहतोच. तिथे मान वर करायला कोणी नाही.)

म्हणून त्या मुलाला मी नाथांचेच दुसरे काम सांगितले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्याआधीच एकनाथी भागवत लिहिलेला हा पुरुष. त्याला ओवी रचता येत नव्हती असे थोडेच? तरी स्वतःची घातली नाही, दुसऱ्यानेही घालू नये असे बजावले. दुसऱ्याचे लिहिलेले अक्षर अक्षर वाचायचे आणि त्याची जबाबदारी घ्यायची, हे काम हलके नव्हे. यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ समजून घेऊन तू होकार देत असशील, तर काम तुझेच आहे. न वाचता देत असशील, तर नाही.

मात्र ही नजर येते कुठून? मला वाटते, त्या पैच्या रात्रीतून. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा छापील पोथ्या होत्याच. तरी चार वर्षांचे शिक्षण, आणि पाठांतर करायचेच. पोथी हाताशी आहे म्हणून कोणाला सूट मिळाली नाही. जे आज नव्याने प्रोग्रॅम शिकतात आणि पहिल्या दिवसापासून यंत्राला विचारतात, त्यांच्या वाट्याला ती रात्र कधी येणार? उद्या यंत्र चुकले तर मान वर कोण करणार?

आम्हा चिपळूणकरांना हे वरवरचे वाटत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली, ते पाणी आम्ही पाहिले आहे. समजा, नदीची पातळी मोजून भोंगा वाजवणारा एखादा प्रोग्रॅम आहे, आणि तो न वाचताच कोणी होकार देऊन टाकला. रात्री भोंगा वाजला नाही, तर बाजारपेठेतल्या माणसाने कोणाच्या दारात जायचे? यंत्राला दार नाही.

मुलाला हे पटले, पण त्याची अडचणही खरी आहे. वरचे लोक काम किती दिवसांत झाले ते मोजतात. त्याच्या हाताखाली दोन नवी मुले आली आहेत. त्यांना तो रोज सकाळी एक लहानशी चूक यंत्राशिवाय शोधायला बसवतो. मुले कुरकुरतात, तासभर जातो. तो तास कशात गेला असे विचारले, तर काय सांगायचे हे त्याने अजून ठरवलेले नाही.