दुसरा हात

गेल्या दिवाळीत मी आईला फोन घेऊन दिला. ६.७ इंचांचा. तिचा जुना फोन पाच इंचांचा होता, कोपऱ्यात तडा गेलेला, आणि दुपारपर्यंत त्याचं चार्जिंग संपायचं. नवा फोन बघून ती खूश झाली. चष्मा न लावता तिने मावशीचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. मला बरं वाटलं. मुलाने आईची सोय केली.

दोन महिन्यांनी पुण्याहून डोंबिवलीला गेलो, तर जुना फोन पुन्हा तिच्या पर्समध्ये आणि नवा टीव्हीशेजारी. ‘घरी वापरते ना तोच,’ ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, भाजी निवडता निवडता, खरं कारण सांगितलं. सकाळच्या गाडीत तिचा एक हात वरच्या कडीला असतो. उरलेल्या हातात हा फोन मावत नाही. एकदा दिव्याच्या आसपास धक्का बसला, फोन सांभाळायला म्हणून तिने दुसरा हात लावला आणि कडी सुटली. ‘पडले नाही रे. पडायला जागा असते कुठे त्या डब्यात? पण तेव्हापासून नको वाटतं.’

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, मोबाइलची अ‍ॅप्स बनवणं हेच माझं काम. कुठलं बटण अंगठ्याला पोचेल आणि कुठलं नाही, याच्या बैठका मी आठवड्यातून दोनदा करतो.

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन साडेतीन इंचांची होती. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने मोठ्या फोनांची टर उडवली होती: हातात न मावणारा फोन घेणार कोण, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट आणला. लोक हसले आणि मग त्यांनी तो घेतला. २०१४ मध्ये अ‍ॅपलनेही साडेपाच इंचांचा फोन काढला, आणि २०२४ च्या सर्वांत मोठ्या आयफोनची स्क्रीन ६.९ इंचांची आहे. ही मापं कर्णाची असतात, म्हणून आकडा दुप्पट दिसतो. क्षेत्रफळ तिपटीहून जास्त झालं आहे. अंगठा मात्र तेवढाच राहिला.

मोठ्या फोनाला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. आपल्याकडे असंख्य घरांत फोन हाच एकमेव संगणक आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांनी त्याच्यावर शाळा केली. माझे बाबा सातबारा, बातम्या आणि नातवाचे फोटो सगळं त्याच्यावरच बघतात, तेही अक्षर सर्वांत मोठं करून. त्यांच्यासाठी मोठी स्क्रीन ही चैन नाही. डोळ्यांची सोय खरी आहे. प्रश्न एवढाच, की ती कशातून वजा झाली?

मोठ्या फोनाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: तुमचा दुसरा हात रिकामा आहे. म्हणजे तुम्ही बसलेले आहात, तुमच्या कडेवर मूल नाही, हातात पिशवी नाही, डोक्यावर कडी नाही. स्टीव्हन हूबर या डिझायनरने २०१३ मध्ये लोक फोन कसा धरतात याची १३३३ निरीक्षणं नोंदवली. स्क्रीनला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एकाच हाताने वापरत होते. त्या वेळचे फोन लहान होते हे खरं, पण माणसांच्या दुसऱ्या हाताला तेव्हाही काम होतं आणि आजही आहे. ज्याचा दुसरा हात मोकळा, त्याच्या मापाने फोन वाढला. बायकांच्या कपड्यांना धड खिसा नसतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत फोन हाच एक हात अडवून बसतो, ही आणखी वेगळी गोष्ट.

यावर माझ्या क्षेत्रात एक तयार उत्तर आहे: लोकांना हवं तेच बाजारात येतं. माणसाला काय हवं ते त्याच्या बोलण्यावरून नाही, खरेदीवरून ओळखावं, हा विचार पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडला. फोनच्या बाबतीत तो चपखल बसतो असं वाटतं. अ‍ॅपलने २०२० मध्ये ५.४ इंचांचा ‘मिनी’ काढला, २०२१ मध्ये आणखी एक काढला, आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी ६.७ इंचांचा ‘प्लस’ आला. लहान फोन हवा म्हणणारे पुष्कळ होते, घेणारे कमी निघाले. मीही म्हणणाऱ्यांतलाच. घेतला मोठा, कारण कॅमेरा आणि बॅटरी त्यात चांगली होती.

पण आईच्या फोनचं काय? तो विकला गेला तेव्हा कुठल्यातरी तक्त्यात नोंद झाली असेल, की आणखी एका ग्राहकाने ६.७ इंच पसंत केले. ती पसंती माझी होती. मी दुकानात, दोन्ही हात मोकळे असताना, घरात बसून वापरणारी आई डोळ्यांसमोर आणून तो घेतला. गाडीतली आई त्या हिशेबात नव्हती. आणि जुना फोन ती अजून वापरते, याची नोंद कुठेच होणार नाही.

इथपर्यंत हे निष्काळजीपणाबद्दल आहे. यापुढचं सांगायला मला थोडं जड जातं.

स्क्रीन मोठी झाली तशी तिच्यावर एक वस्ती तयार झाली. खालचा भाग अंगठ्याच्या आवाक्यात, वरचे कोपरे बाहेर. कोणाला खाली वसवायचं आणि कोणाला वर, हे आम्ही ठरवतो. मी आधी जिथे नोकरीला होतो तिथल्या अ‍ॅपमध्ये बिल भरताना एक छोटा विमा आपोआप जोडला जायचा. ‘पुढे जा’ हे बटण खाली, रुंद आणि रंगीत. ‘विमा नको’ हेही आधी त्याच्या शेजारीच होतं. एके दिवशी ते वरच्या उजव्या कोपऱ्यात हलवायला सांगितलं गेलं. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी केलं. बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘वापरणाऱ्याच्या सोयीसाठी मांडणीत सुधारणा’. विमा घेणाऱ्यांचा आकडा वाढला आणि टीमचं कौतुक झालं.

कोणी खोटं बोललं नव्हतं. ‘नको’ म्हणायची वाट बंद केली नव्हती, फक्त दोन इंच लांब नेली होती. ज्याचा दुसरा हात मोकळा त्याला ती दोन इंच काहीच नव्हती. ज्याचा नाही, त्याने ‘पुढे जा’ दाबलं आणि पैसे भरले. सगळ्यांत गर्दीत उभ्या असलेल्या माणसाकडून आम्ही सगळ्यांत जास्त घेत होतो.

मराठीत ‘सोय’ हा शब्द मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सुख आपोआप वाट्याला येऊ शकतं, सोय सहसा कोणीतरी करावी लागते. पाहुण्यांची झोपायची सोय, वारकऱ्यांची पाण्याची सोय. या शब्दात करणारा आणि ज्याच्यासाठी करायची तो, अशी दोन माणसं असतात, आणि पहिल्याने दुसऱ्याची चौकशी केलेली असते. लग्नघरात पाहुण्याला जिन्यावरची खोली देण्याआधी आपण विचारतो, गुडघे कसे आहेत? न विचारता केलेली सोय ही बहुतेक वेळा करणाऱ्याचीच सोय असते. माझ्या त्या नोंदीत शब्द बरोबर होता, माणूस चुकीचा होता.

आणि विचारायला उशीर झाला की विचारणंच अवघड होतं, कारण गैरसोय अंगवळणी पडते. माणसं करंगळीवर फोन तोलायला शिकतात, हातातल्या हातात तो सरकवायला शिकतात. शरीर मुकाट्याने वळण घेतं आणि आम्ही म्हणतो, तक्रार तर कोणाचीच नाही. आईनेही तक्रार केली नव्हती. तिने फक्त जुना फोन परत काढला होता.

आईच्या नव्या फोनमध्ये मी एका हाताने वापरायची सेटिंग चालू करून दिली. स्क्रीन आक्रसून खाली आली तेव्हा तिला वाटलं, फोन बिघडला. मग दोघंही हसलो. शेवटी जुन्या फोनची बॅटरी बदलून आणली. आता तो संध्याकाळपर्यंत चालतो. आता निघताना विचारलं, ‘आणखी काय अडतं?’ ती म्हणाली, ‘ते बिलाचं. ते नको-नको असतं ना, ते कुठे असतं ते सापडतच नाही बघ.’

ते कुठे असतं ते मी तिला दाखवलं. ते तिथे कोणी नेलं, ते अजून सांगितलेलं नाही.