एकाला सातने भागताना

कागद आणि पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर आज बाजूला ठेवा. तो उत्तर पटकन देतो, आणि आपल्याला उत्तराची घाई नाही. कागदावर १ लिहा, खाली आडवी रेघ, रेघेखाली ७. एक सप्तमांश. भागाकार अजून सुरू करू नका. एका गोष्टीचे सात सारखे वाटे आणि त्यातला एक, एवढं या मांडणीत सांगून झालं आहे. त्यात कसलीही कसर नाही. श्वास एकदा सावकाश घ्या आणि ते तसंच पाहा.

आता हीच संख्या दशांशात लिहू. म्हणजे तिला विचारू, तुझ्यात दहावे भाग किती, शंभरावे किती, हजारावे किती. एकात सात जात नाहीत. शून्य लिहा, दशांश चिन्ह द्या. एकाचे दहा दशांश झाले. सात एके सात, बाकी तीन. तिनावर शून्य, तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. वीस, सात दुणे चौदा, बाकी सहा. साठ, सात अठ्ठे छप्पन्न, बाकी चार. चाळीस; सात पाचे पस्तीस, बाकी पाच. पन्नास, सात सत्ते एकोणपन्नास, बाकी एक.

थांबा. बाकी एक. आपण निघालो होतो तेही एकावरूनच. आता शून्य दिलं की पुन्हा दहा, पुन्हा सात एके सात. ०.१४२८५७ आणि पुढे तेच १४२८५७, तेच, तेच.

शाळेत नजर भागाकारावर असायची, कारण गुण त्याला मिळायचे. आज ती खाली, बाकीवर ठेवा. तीन, दोन, सहा, चार, पाच, एक. सातने भागताना बाकी सातपेक्षा लहानच राहणार. ती शून्य झाली तर काम संपलं. शून्य कधीच आली नाही, तर उरतात फक्त सहा बाक्या. सहा पायऱ्यांत त्या सगळ्या वापरून झाल्या. सातव्या पायरीला नवी बाकी आणणार कुठून? जुनी येणारच, आणि ती आली की तिच्यामागे पुढचं सगळं पहिल्यासारखंच येणार. छेद सात असो की सात हजार, हाच न्याय. यापाशी जरा रेंगाळा. ही ओळ कुठेच संपत नाही, तिच्या टोकापर्यंत कुणी गेलेलं नाही, तरीही तिच्यातला कोट्यवधीव्या जागेवरचा अंकसुद्धा आपण बसल्या जागी सांगू शकतो. मला गणितात याहून धीर देणारं फार थोडं सापडलं आहे.

दोन सप्तमांश हवेत? पुन्हा भागू नका. बाक्यांच्या ओळीत दोन शोधा आणि तिथून पुढचे अंक वाचा: ०.२८५७१४. तीन सप्तमांश: ०.४२८५७१. देवळाभोवतीची प्रदक्षिणा तीच, फक्त सुरुवात वेगळ्या दारापासून.

१४२८५७चा वर्ग करून पाहिला तर २०४०८१२२४४९ येतो. त्याचे शेवटचे सहा अंक वेगळे काढा: १२२४४९. आधी उरले २०४०८. दोन्हींची बेरीज १४२८५७. असं वागणाऱ्या संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावावरून. अंकांकडे असं निवांत बघण्यात त्यांनी आयुष्य घालवलं.

आता दुसरा प्रश्न मनात येऊ द्या. पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, अष्टमांश ०.१२५, हे संपतात. एक तृतीयांश मात्र ०.३३३ करत राहतो. दोष तिनाचा आहे का? दशांशात आपण दहाच्याच पटीत तुकडे पाडतो, आणि दहाला भागणारे मूळ अवयव दोनच: २ आणि ५. अतिसंक्षिप्त रूपात छेद फक्त या दोघांचा बनलेला असेल, तर दशांश संपतो. तिसरा कुणी त्यात शिरला की संपत नाही.

जुना रुपया आठवा. १६ आणे, आण्याच्या १२ पै, एकूण १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, तंतोतंत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशेब पुष्कळ सोपा झाला, आणि तिघांत रुपया वाटताना ३३ पैसे देऊन एक पैसा हातात राहू लागला. चार आण्यांचे बरोबर २५ पैसे झाले; एका आण्याचे मात्र सव्वासहा. संख्या त्याच, मोजायची पट्टी बदलली. न संपणं हे या पट्टीकडून येतं. तिसऱ्या हिश्शाच्या अंगी ते नाही.

परतीची वाटही चालून बघा. ०.१४२८५७… या संख्येला दहा लाखांनी गुणा. दशांश चिन्ह सहा घरं उजवीकडे सरकलं, पण त्याच्या पुढची शेपटी होती तशीच राहिली. यातून मूळ संख्या वजा करा. दोन्ही शेपट्या सारख्या, म्हणून त्या पूर्ण जातात. उरलं एवढंच: मूळ संख्येची ९९९९९९ पट म्हणजे १४२८५७. भागून पाहा, १४२८५७ सात वेळा घेतले की ९९९९९९ होतात. पुन्हा एक सप्तमांश.

मन स्थिर असेल तर आता एकाला तेराने भागा. बाकीवरच लक्ष ठेवा. शक्यता बारा आहेत, पण सहाच येतील: दहा, नऊ, बारा, तीन, चार, एक. दोन त्यात कुठेही दिसणार नाही. मग दोनाला तेराने भागा, आणि उरलेल्या सहा बाक्या कोणत्या क्रमाने येतात ते सावकाश लिहीत जा.