सेवेची भाषा

परोपकाराला केवळ सद्धेतु पुरतो काय? उत्तर अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती विद्यार्थी सुट्टीचे थोडे आठवडे मेक्सिकोच्या खेड्यांत सेवाकार्यास जात असत. १९६८ सालीं अशांच्याच परिषदेंत इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनें त्यांचा मार्ग सपशेल त्याज्य ठरविला. प्रवासी किंवा विद्यार्थी म्हणून खुशाल यावें, उपकारकर्ते म्हणून येऊं नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. कारण ज्यांना तेथील भाषा धड येत नाहीं, त्यांना गांवकरी आपल्याविषयीं काय म्हणतात हेंही कळावयाचें नाहीं.

हा निर्णय आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. निष्णात शस्त्रवैद्य आठ दिवसांत अनेकांचे मोतीबिंदू काढूं शकेल. त्याचें दुभाष्यावर भागतें. धर्मोपदेशाचें तसें नव्हे. विल्यम केरी १७९३ सालीं बंगालमध्यें आला, तो १८३४ सालीं श्रीरामपुरास मरेपर्यंत स्वदेशीं परतला नाहीं. त्याचा उपदेश कोणास पटो वा न पटो, ऐकणाऱ्याला बंगालींत प्रत्युत्तर देतां येत असे, आणि तें त्याला समजत असे. सेवेची खरी कसोटी आम्हांस येथेंच दिसते. 'आम्हांस हें नको' असें समोरच्यानें म्हटलेलें समजण्याइतका काळ ज्याला तेथें राहावयाचें नाहीं, त्या उपदेशकानें पाहुणा म्हणून जावें, हेंच शोभतें.