गाळलेलें आणि उरलेलें

पदरचें कांहीं न घालतां नकोसें तेवढेंच वगळलें, तर सत्याला बाध येत नाहीं, अशी आपली एक सोईची समजूत असते. संपादक, इतिहासकार, साक्षीदार, सारेच तिचा आश्रय घेतात. या समजुतीविषयीं माझ्या मनांत संशय उत्पन्न झाला तो एका वाद्याच्या अंतर्रचनेमुळें.

अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ पासून सुट्या खंडांचें जें विद्युत्-वाद्य घडविलें, त्यांतील एक खंड म्हणजे 'फिल्टर', नादाची गाळणी. दुसऱ्या खंडांतून निघालेली, करवतीच्या दात्यांसारख्या आकाराची लहर तींत शिरते. त्या नादांत मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर खच्चून भरलेले. ऐकावयास तो कर्कशच. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें एकीवर एक रचून व मधून चार कपॅसिटर बसवून मूग यांनीं अशी योजना केली कीं, ठरविलेल्या मर्यादेच्या वर दर सप्तकागणिक लहरींची उंची सुमारें १६ पटींनीं घटावी. या शिडीचें पेटंट त्यांना १९६९ मध्यें मिळालें. मर्यादा खालीं ओढली कीं बासरीची आठवण व्हावी असा मऊ नाद उरतो. गाळणीनें एकही उपस्वर पदरचा घातलेला नसतो. तरीहि ऐकणारा म्हणतो, हें वाद्यच निराळें!

पण खरी मौज पुढेंच आहे. बाहेर पडणाऱ्या लहरींचा कांहीं अंश परत गाळणींत आणून सोडण्याची सोय असते. तो अंश वाढवीत गेलें कीं मर्यादेच्या अगदीं कांठावरचे स्वर फुगूं लागतात, आणि खर्जाचे भारदस्त स्वर, ज्यांना गाळणीनें हात लावावयाचा नव्हता, तेच दुबळे होतात. आणखी वाढविलें, तर आंत कांहींहि न सोडतां गाळणी स्वतःच गाऊं लागते: एकच शुद्ध, अखंड स्वर.

कांहीं वर्षांपूर्वीं एका दिवंगत स्नेह्याचीं पत्रें मीं छपाईसाठीं तयार केलीं. उसनवारीच्या कुरबुरी, भावांवरचे वाग्बाण, पत्नीविषयींचीं चार-दोन कडू वाक्यें तांबड्या पेन्सिलीनें काढलीं. छापलेलें प्रत्येक अक्षर त्याचेंच होतें. घरची मंडळी संतुष्ट झाली. एक जुना सोबती मात्र म्हणाला, "हा गृहस्थ मला कधीं भेटला नव्हता." मीं त्याला पुस्तक मूळ पत्रांशीं ताडून पाहण्याचें आव्हान दिलें, आणि त्यांत मी जिंकलोंहि! आतां वाटतें, पहिलें पत्र कापल्यावर जो सौम्य पुरुष मला दिसूं लागला, त्याच्याशीं जुळतील तींच वाक्यें मी पुढच्या पत्रांतून राखीत गेलों. माझीच निवड फिरून माझ्या कानीं येत होती. स्नेह्याचा संताप गेला, आणि संतापाखालचा त्याचा करडा प्रामाणिकपणाहि त्याबरोबर गेला. तो त्याचा खर्ज होता.

सगळेंच छापावें म्हटलें, तर तीं कडू वाक्यें ज्यांच्याविषयीं आहेत त्या वहिनी हयात आहेत. छापील पुस्तक त्या रोज सायंकाळीं उघडून बसतात, असें त्यांचा मुलगा सांगतो. मूळ गठ्ठा माझ्या कपाटांत आहे, आणि तो त्यांना परत करावयाचा आहे.