‘हो’चा स्वर

माझे वडील नारदीय कीर्तनकार. निरूपण करताना नेमक्या शब्दाच्या अलीकडे ते थांबायचे. झांज थांबे, पेटीवाला मान वर करी आणि मग तो शब्द अगदी हळू येई. पेंगणाऱ्या आजीबाईसुद्धा पुढे सरकत. तालुक्याच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा हीच शिदोरी कामी आली. जेवणाच्या सुट्टीनंतर, डोक्यावर पंखा घरघरत असताना, एकाच पट्टीत बोलून न्यायाधीशांचं लक्ष टिकत नाही. तपशील झरझर, तारखा सावकाश, मुद्दा खालच्या आवाजात.

पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं नुसतं वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दुबळ्या आवाजाचा. आमच्या बाररूममध्ये सहाही भेटतात. पण ज्याचा आवाज उत्तम आहे, त्याच्या पापाचं काय?

एका वाटपाच्या दाव्यात मी भावाचा वकील होतो. उलटतपासात बहिणीला विचारलं, “हक्कसोडपत्रावर सही तुमचीच ना?” ती भावाकडे बघत राहिली. मग ‘हो’ म्हणाली. उपाशी माणूस ‘जेवलात का?’ला म्हणतो, तसं. स्टेनोनं टाइप केलं: ‘हे म्हणणे खरे आहे की, सही माझी आहे.’ साक्षीदार कसा बोलला, कसा वागला याचा शेरा लिहून ठेवायची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेनं न्यायाधीशांना दिली आहे. आदेश 18, नियम 12. त्या दिवशी शेरा लिहिला गेला नाही, आणि मला तो नकोच होता.

युक्तिवादात ते वाक्य मी वडिलांसारखं वाचलं. आधी थांबलो. मग एकेक शब्द सुटा केला आणि ‘माझी’वर वजन टाकलं. दावा फेटाळला गेला.

त्वष्ट्याची गोष्ट तेव्हापासून मला छळते. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून त्यानं आहुती दिली, पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दातला आघात चुकला आणि ‘इंद्र ज्याला मारील तो’ असा अर्थ झाला. वृत्र मेला. अक्षर एकही बदललं नव्हतं. त्वष्ट्याचा स्वर चुकून बदलला. मी ठरवून बदलला. खोटं न बोलण्याचं व्रत पाळूनही खोटं पोचवता येतं, हे मला कायद्याच्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आवाज मी आजही चढवतो, उतरवतो. ऐकणाऱ्याला जागं ठेवणं हे कामच आहे. फक्त दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आलं की माझी पट्टी सोडतो, आणि ते मूळ कसं आलं होतं ते आठवून वाचतो. कधी कधी त्यानं माझ्याच पक्षकाराचं नुकसान होतं, तो चिडतो.

त्या युक्तिवादानंतर व्हरांड्यात ती बाई जवळ आली. “वकीलसाहेब, मी असं नव्हते म्हणाले.”

फाइल काखेत होती. तिचं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. उघडून दाखवायला हात उचलला नाही.