उतारावरचं डिझेल

आमच्या पाटण भागात कुणी गाडी घेतली, की पेढा तोंडात विरघळायच्या आत पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देती?" रंग कुठला, कंपनी कुठली, कर्ज काढलं का रोखीनं घेतली, हे सगळं मागनं. शहरातल्या पाहुण्यांना याचं हसू येतं. लाखांची गाडी घ्यायची आणि थेंबांचा हिशेब विचारायचा! पण म्हैस घेतली तर दूध किती देती आणि विहीर पाडली तर मोटार किती तास चालती, असं विचारणारी माणसं आम्ही. मळणी उरकल्यावर मातीत मिसळलेले दाणेसुद्धा सुपात पाखडून घेणाऱ्या बायांच्या हातचं खाऊन वाढलेलो. जे लागतं ते मोजून लागावं, हे अंगात मुरलेलं आहे. त्याला कुणी चिक्कूपणा म्हटलं तर म्हणू दे.

तरीही या मोजण्यात एक अवघड प्रश्न आहे, आणि तो मला पुस्तकात नाही, वडापच्या जीपमध्ये भेटला. वाचवणं चांगलं, हे कबूल. पण वाचलेलं कुणाच्या खिशात जातं, आणि त्यासाठी जीव कुणाचा टांगणीला लागतो?

माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, १९९० नंतरची काही वर्षं दुसऱ्याच्या मालकीची डिझेल जीप वडापला चालवायचे. वडाप हा शब्द आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा. एसटीची वाट बघून कंटाळलेल्या माणसांना भरून नेणारी जीप म्हणजे वडाप. आप्पांची खेप पाटणहून कोयनेच्या काठानं हेळवाक, तिथून कुंभार्ली घाट उतरून पोफळी, शिरगाव आणि चिपळूण अशी. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. मागच्या फळीवर उभा राहून भाडं गोळा करायचं, माणसं चढवायची-उतरवायची, हे माझं काम.

आप्पांच्या गाडी चालवण्यात बघण्यासारखं काहीच नसायचं, आणि तीच बघण्यासारखी गोष्ट होती. सकाळी गाडी चालू केली की उगाच रेस मारून धूर काढायचा नाही. इंजिन थोडं फिरू द्यायचं आणि हलक्या पायानं निघायचं; ते गरम व्हायचं ते चालता चालता होतं. टायरची हवा दोन दिवसांआड बघायची. "कमी हवेची सायकल घेऊन चढाला लाग, म्हंजे कळंल डिझेल कुठं जातं," असं ते सांगायचे. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. चढावर थांबायची वेळ आली तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, सरळ हँडब्रेक ओढायचा. गिअर कानानं टाकायचा. इंजिन धापा टाकायला लागलं तर खालचा, किंचाळायला लागलं तर वरचा. आणि चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा, निम्म्यात दम तुटल्यावर नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लांब बघायचं. पुढं एसटी थांबलेली दिसली, गुरं आडवी आलेली दिसली, की तिथनंच ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा. गाडी आपसूक हळू व्हायची. "ब्रेक दाबला म्हंजे जाळलेलं डिझेल लायनरवर घासून टाकलं," हे त्यांचं बोलणं. पुढं मी पीसीआरए या सरकारी संस्थेची पत्रकं वाचली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवा, योग्य गिअर वापरा, उभ्या गाडीचं इंजिन बंद करा, असं त्यात छापलेलं. शास्त्रही तेच सांगतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १०० वर गेलं, तर विरोध दीडपटीहून जास्त होतो. आप्पांना वर्ग-बिर्ग ठाऊक नव्हता, पण महिन्याच्या शेवटी किती डिझेल लागलं ते ठाऊक असायचं.

एका जागी मात्र आप्पा डिझेल वाचवायचे नाहीत, असं लोकांना वाटायचं. ती जागा म्हणजे घाट.

हेळवाक सोडून घाटाच्या तोंडाशी आलं, की बरेच ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करायचे. काही तर चावी फिरवून इंजिनच बंद करायचे. आवाज थांबायचा, कानाला वारा लागायचा आणि जीप आपल्याच वजनानं कोकणाकडं सुटायची. मागच्या माणसांना ते गुळगुळीत जाणं आवडायचं. आप्पा मात्र माथ्यावरच गिअर उतरवायचे आणि इंजिन घुं-घुं करत, वळणं मोजत खाली जायचे. एकदा चिपळूणच्या बाजाराला निघालेला एक दुकानदार म्हणाला, "आप्पा, उताराला फुकट जातीया की गाडी. कशाला जाळताय?" आप्पा म्हणाले, "आवं शेठ, उतार आला म्हणून बैलं सोडून गाडी घाटात ढकलता का?"

ज्यानं भरल्या बैलगाडीतून उतार पाहिला आहे त्याला या उत्तराचा अर्थ लगेच कळेल. चढाला बैल ओढतात हे सगळ्यांना दिसतं. उताराला ते गाडी मागं रेटून धरतात. जू पुढं सरकतं, मान वर येते, खुर रोवले जातात. कष्ट तिथंही आहेतच, फक्त उलट्या दिशेचे. गिअरमधलं इंजिन उतारावर हेच करतं, चाकांना धरून ठेवतं. ते सोडलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रमचे ब्रेक लांब उतारावर तापतात, लायनर पकड सोडतात, पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. आजच्या गाडीत इंजिन बंद केलं तर आणखी दोन गोष्टी होतात. ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंग जड होतं. चावी काढूनच घेतली तर स्टेअरिंग कुलूपबंदही होऊ शकतं, आणि मग वळण समोर असून उपयोग नाही.

मग इतकी शहाणी-सुरती माणसं हे का करायची? लोक म्हणायचे, ड्रायव्हर बेफिकीर. मला ते तेवढंसं खरं वाटत नाही. आमच्याकडं बऱ्याच मालकांची रीत अशी होती: एका खेपेला ठरावीक डिझेल द्यायचं, त्यातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्यानं पदरचं घालायचं. मालकाच्या दृष्टीनं ही चोख व्यवस्था. चोरीची भीती नाही, हिशेबाची कटकट नाही. पण डिझेल मोजून देताना मालक घाटातला धोकाही ड्रायव्हरच्या गळ्यात बांधत होता, आणि ड्रायव्हर तोच धोका मागच्या फळीवरच्या माणसांवर ढकलत होता. आप्पांचा एक सोबती हे उघड बोलायचा. "तुमचं पोरगं कमवाय लागलंय आप्पा, तुमाला गिअरात उतरणं परवडतंय. माझ्या घरात खाणारी सात तोंडं हायती." त्याला नीती सांगणं सोपं नव्हतं. आप्पांनीही सांगितली नाही. ते एवढंच म्हणाले, "तुझी सात, आन् मागं बसल्यात त्येंची?"

त्या पावसाळ्यात एका जीपचे ब्रेक घाटात गेले. गाडी न्यूट्रलवर होती. ड्रायव्हरनं प्रसंग ओळखून ती दरीकडं न जाऊ देता डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, म्हणून माणसं वाचली. एका म्हाताऱ्या आजीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ती लेकीकडं बाळंतपणाला निघाली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा चिखलात पडलेला मी पाहिला. वाचलेलं डिझेल किती असेल? जुन्या जीपचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवलं तर वीस मिनिटांत फार तर पाव लिटर पितं. तेव्हाच्या भावानं एका चहाचे पैसे. आजीला तो चहा कुणी पाजलाही नसता.

आता आप्पांना मी संत करून ठेवत नाही. नऊ-दहाच्या जीपमध्ये चौदा माणसं तेही कोंबायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, न्यूट्रल चालत नाही, मग ही दाटी कशी चालती?" ते म्हणाले, "दाटी माणसाला दिसती. नको आसंल तर तो मागच्या गाडीनं यील. न्यूट्रल कुणाला दिसतंय?" या उत्तरात दम आहे. जो धोका दिसतो, तो माणूस निदान पारखून घेतो. जो दिसत नाही, तो त्याच्या नावावर परस्पर चढवलेलं कर्ज असतं. पण मला हे उत्तर पुरेसं कधीच वाटलं नाही. संध्याकाळची शेवटची एसटी गेलेली, कडेवर तापानं फणफणलेलं पोर, अशा बाईनं दाटीची जीप "पसंत" केली असं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. आप्पांचा हिशेब घाटात स्वच्छ होता. स्टँडवर तो थोडा मळलेला होता. बहुतेक चांगल्या माणसांचं असंच असतं, असं आता वाटतं.

यात एक गंमत पुढं कळली. गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ॲक्सिलेटरवरून काढलेला असेल, तर उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या अशा वेळी इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडं इंधन जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रल मारणारा वाचवतो असं समजतो आणि जाळतो. विजेच्या गाडीचं तर आणखी पुढचं आहे. ती उताराला वेग धरते आणि तीच ताकद थोडीफार बॅटरीत परत भरते. आमच्या कोयनेचं पाणी असंच. डोंगराच्या पोटातून, बोगद्यातून बांधून उतरवलं, तेव्हा पोफळीला वीज झाली.

हे कळल्यावर पुष्कळ जण म्हणतात, झालं, प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही. समजा न्यूट्रलमध्ये खरंच दोन लिटर वाचलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं का? आजीचं हाड तरी मोडलंच असतं. विज्ञानानं इथं नीतीची बाजू घेतली हे नशीब. ते रोज घेईलच असं नाही. म्हणून दुसऱ्याला न विचारता त्याच्या जिवावर केलेली बचत ही बचत नव्हे, हे वेगळं, स्वतःच्या पायावर उभं असलं पाहिजे.

आता दुसरं टोक. माझा एक पुतण्या पुण्यात असतो. मोठी गाडी आहे. गावी आला की पारावर गाडी उभी करून, आत एसी लावून अर्धा-अर्धा तास फोनवर बोलतो. मी म्हटलं, "इंजिन बंद कर की." तो हसून म्हणाला, "काका, पैसे मी भरतो. तुमचं काय जातं?" २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून मोकळे झाले, तेव्हापासून हे म्हणणं आणखी वजनदार झालं आहे. पूर्ण किंमत मोजली, मग उधळायचा हक्क का नको?

पण किंमत मोजली म्हणजे सगळं मोजलं असं होत नाही. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; त्याचं बिल पंपावर मिळत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या नाकात जाणारा धूर तर अगदी समोरचा. पैसे असलेल्याचं उधळणं आणि पैसे नसलेल्याचं न्यूट्रल मारणं ही दोन टोकं दिसतात, पण दोन्हीकडं चूक एकच आहे. दोघांनी हिशेब आपल्या खिशापाशी थांबवला. फरक एवढाच की वडापच्या ड्रायव्हरला पुढं बघायची उसंत नव्हती. माझ्या पुतण्याला आहे. म्हणून त्याच्याकडून अपेक्षा जास्त.

हिशेब कुठवर न्यायचा, याचं मला पटलेलं उदाहरण घाटातच आहे. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा रस्त्याचा नियम आहे. उतरणाऱ्याचा त्यात तोटाच होतो. मिनिट-दोन मिनिटं जातात, थोडं डिझेलही. पण चढावर भरली गाडी थांबली, तर ती पुन्हा हलवायला क्लच जळतो, धूर निघतो, गाडी मागं घसरायची भीती असते. दोन्ही गाड्यांचं डिझेल एकत्र मांडलं तर थांबण्यातच बचत आहे. आप्पा अशा वेळी जीप डोंगराला लावून उभी करायचे आणि खालून येणारा ट्रक धापा टाकत शेजारून जाईपर्यंत तंबाखू मळत बसायचे. ट्रकवाला जाता जाता हात वर करायचा, आणि मग आप्पा गिअर टाकायचे.