मुदत टळलेला कागद

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आमच्या घरी चांदीचा एक जुना रुपया असतो. गेल्या दिवाळीत तो चिंचेने घासताना धाकटीने विचारले, "बाबा, रुपया उजळला, पण मळ कुठे गेला?" मी पडलो शिक्षक, उत्तर तयार होते, "पाण्यात!" पण ते देताच मला वाचनात आलेली वेल्समधली एक नदी आठवली.

वेल्सच्या मध्यभागी, उघड्याबोडक्या डोंगरांत, कूम-अस्टविथ नावाचे आडबाजूचे खोरे आहे. अस्टविथ नदी त्यातून समुद्राकडे जाते. सुमारे 4000 वर्षांपूर्वी तिथे माणसाने तांब्यासाठी दगडी हातोड्यांनी डोंगर फोडला. खाणीतले पाणी काढून देण्यासाठी खोड कोरून केलेली त्या काळची पन्हळ उत्खननात सापडली आहे. पुढे शिसे, चांदी आणि जस्त यांच्यासाठी खोदाई झाली. डोंगरावर पाणी अडवून ते एकदम सोडीत. माती वाहून जाई आणि धातूची शीर उघडी पडे. पाण्यानेच चाके फिरवीत, पाण्यातच खनिज धूत. त्या मुलखातल्या चांदीची नाणी पाडण्यासाठी 1637 साली अ‍ॅबरिस्टविथच्या किल्ल्यात टांकसाळ निघाली. नाण्यांवर तीन पिसांची खूण असे.

विसाव्या शतकाच्या मध्याला तिथले खाणकाम थांबले. चांदी कधीच जगभर पांगली. जुन्या बोगद्यांतले पाणी मात्र आजही शिसे आणि जस्त घेऊन नदीत उतरते. कॅथलीन कार्पेंटर या विदुषीने 1920 नंतरच्या दशकात तिथल्या नद्यांतील जीवांचा अभ्यास केला आणि शिशाने ते किती विरळ झाले, हे दाखवून दिले. कायदा काय म्हणतो? 1999 च्या अखेरीपूर्वी सोडून दिलेल्या खाणीतून दूषित पाणी वाहिले, तर त्याचा दोष जुन्या मालकावर नाही. पुष्कळ मालक तर उरलेलेच नाहीत, धरायचे कुणाला? निस्तरायचे ते आजच्या लोकांनी, सरकारी खर्चाने.

यावर मी संतापणार होतो, पण जीभ अडली. वडील वारले तेव्हा मला घर मिळाले आणि पेटीत एक कागद सापडला. घराचे छप्पर शाकारायला त्यांनी शेजारच्या काकूंकडून पैसे घेतले होते. वकील म्हणाले, "मुदत टळली आहे, मास्तर. देणे लागत नाही." काकूंनी कधी मागितले नाहीत, मीही दिले नाहीत. कादंबरीत अशा मुलाला मी खुशाल कर्ज फेडायला लावले असते!

वारसा म्हणून आपण चांदी मोजतो, पाणी मोजत नाही. मुदत टळते ती दावा लावण्याची. घेतलेले घेतलेच असते. ज्या छपराखाली मी आजवर कोरडा राहिलो, त्याचे देणे वडिलांचे एकट्याचे कसे?

काकू आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. धनत्रयोदशीला यंदा काही खरेदी केली नाही. त्याला पत्र आणि पैसे पाठवले. धाकटीने कारण विचारले. म्हणालो, "अगं, रुपया घासतो आहे."